बोगादीची सभा

म्हैसूर शहरातून पश्चिमेकडे निघालेला एक रस्ता मानसगंगोत्री ह्या विद्यापीठनगरीच्या कडेने पुढे जातो आणि राजवाड्यापासून पाच-सहा किलोमीटरांवर बोगादीस पोहोचतो. वाटेजवळचे कुक्करहळ्ळीचे तळे १८६४ सालचे, तिसऱ्या कृष्णराज वाडियरांच्या काळचे. मानसगंगोत्री १९६० ची, तिचे नाव कविवर्य कुवेंपूंनी ठेवलेले. बोगादी हे मात्र अशा कोणा एकाच्या नावावर सांगण्याजोगे स्थळ नव्हे. ते शेतकऱ्यांचे गाव होते, आणि शेतकऱ्यांची गावे जशी हळूहळू वाढतात तसेच ते वाढले. पुढे त्याच्या शेतांवर वसाहती उठल्या. कन्नड भाषेत अशा वसाहतीस ‘बडावणे’ म्हणतात. ह्या बडावण्यांत निवृत्त प्राध्यापक आले, अभियंते आले, आणि म्हैसुरातील केंद्रीय संस्थांच्या निमित्ताने कर्नाटकाबाहेरची कुटुंबेही आली. खाद्य-तंत्रज्ञानाची संस्था १९५० साली स्थापन झाली, वाक्-श्रवण संस्था १९६५ साली, भारतीय भाषा संस्थान १९६९ साली. ह्यांतल्या प्रत्येकीने चार मराठी घरे ह्या शहरात आणली असतील. आम्ही त्यांपैकीच एक.

२०२० साली कर्नाटक सरकारने म्हैसूरच्या भोवतालच्या काही ग्रामपंचायतींचे रूपांतर नागरी संस्थांत करण्याचे ठरविले. हुटगळ्ळीस नगरसभेचा दर्जा मिळाला. बोगादी, श्रीरामपुर, रम्मनहळ्ळी आणि कडकोळ ह्यांच्या पट्टण पंचायती झाल्या. गावाची बढती झाली, असेच त्या वेळी सर्वांस वाटले, आणि ते खोटेही नव्हते. पण ह्या बढतीत एक गोष्ट घडली, तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. बोगादीची ग्रामसभा नाहीशी झाली.

राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, गावातील मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सभासद झाला. कोणी निवडून द्यावे लागत नाही, कोणी नेमावे लागत नाही. यादीत नाव असणे हेच सभासदत्व. ह्या देशाच्या साऱ्या कायद्यांत सामान्य माणसास प्रतिनिधीवाचून स्वतःच्या तोंडाने बोलण्याची जागा अशी ही एवढीच. ती जागा गाव लहान असेपर्यंत असते. गावाची वस्ती वाढली, त्याचे नगर झाले, की ती सरते. हा न्याय आम्हांस विलक्षण वाटला, आणि त्याची कुळकथा शोधीत आम्ही म्हैसूरच्या इतिहासात शिरलो. तेथे जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभ आपल्या घरापासून करणे बरे. मराठ्यांच्या अमदानीत गावचा तंटा पडला म्हणजे गोतसभा भरे आणि तिच्या निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, आणि बलुतेदारांची निशाणी ज्याच्या त्याच्या हत्याराची. अक्षर न येणाऱ्याचीही साक्ष कागदावर उमटलीच पाहिजे, असा तो आग्रह होता. शिवेच्या वादात महाराचे म्हणणे टाळता येत नसे, कारण शीव त्यास ठाऊक. तथापि ह्यावरून त्या सभेत सर्वांस सारखे स्थान होते असे कोणी समजू नये. शिवेपुरता ज्याचा शब्द प्रमाण, त्याच महारास गावाच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. म्हैसूरच्या खेड्यांतही बारा बलुत्यांसारखे बारा ‘आयगार’ होते आणि गाडाही बहुधा तसाच चालत असे. इंग्रजी अमलात ही सभा निस्तेज झाली, आणि तिची जागा अर्जाने घेतली. सभेत माणूस बोलतो, अर्जात विनवितो; एवढा फरक पडला.

हा फरक काही अंशी भरून काढण्याचे दोन प्रयत्न एकाच पिढीत झाले, एक पुण्यास आणि दुसरा म्हैसुरास. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक पुढे सार्वजनिक काका म्हणू लागले, त्यांनी तिचा पाया मोठ्या युक्तीने घातला. सभासद व्हावयाचे तर लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. पहिल्या पंच्याण्णव सभासदांमागे अशी सुमारे सहा हजार माणसे उभी होती. लोकांनी आपला मुखत्यार निवडला, परंतु त्याचे ऐकण्याचे बंधन सरकारवर मात्र मुळीच नव्हते.

म्हैसुरात नेमके उलट झाले. १८८१ च्या मार्च महिन्यात पन्नास वर्षांच्या इंग्रजी कारभारानंतर संस्थान वाडियर घराण्याच्या हाती परत आले. दिवाण झाले सी. रंगाचार्लू. त्याच वर्षाच्या ७ ऑक्टोबरास, दसऱ्याच्या निमित्ताने लोक राजधानीत जमतात ही संधी साधून, त्यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. तालुक्या-तालुक्यांतून १४४ प्रतिनिधी आले. दिवाणाने वर्षाचा जमाखर्च आणि कारभाराचे निवेदन वाचून दाखवावयाचे, आणि मग प्रतिनिधींनी आपापल्या मुलखाची गाऱ्हाणी मांडावयाची, असा तिचा क्रम. हिंदुस्थानातील एका संस्थानाने आपल्या प्रजेस बोलावून राज्याचा हिशेब ऐकवावा, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. रंगाचार्लू १८८३ च्या आरंभीच वारले. त्यांच्या स्मरणार्थ बांधलेले सभागृह म्हैसूरच्या मध्यवस्तीत आजही उभे आहे.

ह्या सभेतील चर्चेचा मजकूर पाहिला तर तीत घटनाशास्त्राची चर्चा थोडी आणि तळ्यांची पुष्कळ सापडते. अमक्या तळ्याचा बांध फुटला, तमक्या गावास रस्ता नाही, अमुक कसब्यास विहीर हवी. काही विद्वानांनी ह्याबद्दल नाक मुरडले आहे. आम्हांस मात्र हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यास आपल्या तळ्याविषयी बोलू दिले नाही त्याने राज्यघटनेविषयी काय बोलावे? सभेचे खरे उणे वेगळेच होते. प्रतिनिधी प्रथम अधिकाऱ्यांच्या निवडीने येत. निवडणुकीचा हक्क १८९१ साली मिळाला, तोही मालमत्तेच्या बंधनासह. आणि सभा सांगू शकत असे, ठरवू शकत नसे. दिवाणाने ऐकून घ्यावे, वाटले तर करावे. १९२३ च्या कायद्याने तिला पक्के स्थान मिळाले, नवे कर आणि कायद्यांची मूलतत्त्वे तिच्यापुढे ठेवणे आवश्यक झाले, स्त्रियांवरील बंदी उठली. परंतु ऐकणे आणि ठरविणे ह्यांमधील अंतर अखेरपर्यंत पुरते मिटले नाही.

पुण्यास निवड होती, सुनावणी नव्हती. म्हैसुरास सुनावणी होती, निवड नव्हती. दोन्ही ठिकाणी ठरविणारा तिसराच कोणी होता. त्या तिसऱ्याचे रूप लोकांस पहिल्याने धडधडीत दिसले ते प्लेगच्या साथीत.

१८९७ साली पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने काय केले आणि २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचे पर्यवसान कशात झाले, हे मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. पुढच्या वर्षी साथ म्हैसूर संस्थानात पोहोचली. नोव्हेंबर १८९८ मध्ये श्रीरंगपट्टणाशेजारच्या गंजाम येथे प्लेगच्या उपाययोजनांविरुद्ध मोठा दंगा उसळला आणि पाळी गोळीबारापर्यंत गेली. येथे कोणी गोरा सोजीर घरात शिरला नव्हता. राज्य एतद्देशीय राजाचे, अधिकारी एतद्देशीय. तरीही लोक बिथरले. घर रिकामे करा, माळावर झोपडीत राहा, हे हुकूम कदाचित आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होते. ते कोणी कोणास विचारून काढले नव्हते, एवढेच.

संस्थानचे त्या वेळचे प्लेग कमिशनर होते विश्वनाथ पाटणकर माधवराव, म्हणजेच दिवाणबहादूर व्ही. पी. माधवराव. हे नाव बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८५० साली कुंभकोणम् येथे जन्मलेले हे तंजावरकडचे देशस्थ. नोकरीचा आरंभ म्हैसुरास शाळेत झाला. पुढे पोलीसखात्याचे प्रमुख, मग प्लेग कमिशनर, आणि मग एकामागून एक तीन संस्थानांची दिवाणगिरी: त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे. त्रावणकोरात १९०४ साली श्रीमूलम् प्रजासभा भरली तेव्हा दिवाणपदी तेच होते. म्हैसूरच्या दिवाणपदावर १९०६ साली आले, आणि १९०७ साली म्हैसूरचे कायदेमंडळ त्यांच्याच कारकिर्दीत अस्तित्वात आले. ज्याने प्लेगात लोकक्षोभ जवळून पाहिला त्याने पुढे सभांची दारे उघडावी, ह्यात कार्यकारणभाव असेलच असे नाही. आम्हांस तो असावासा वाटतो, एवढेच म्हणतो. कारण ह्याच माधवरावांच्या काळी १९०८ साली म्हैसूरचा वृत्तपत्रांविषयीचा कडक कायदा झाला आणि लोकमताचे वजन पाडणारी काही पत्रे बंद पडली. सभेत येऊन बोला, पण छापून बोलू नका, असा काहीसा हा प्रकार. आपल्या भाषेचा माणूस म्हणून त्यांचा अभिमान बाळगताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

प्लेगने आणखी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे नगररचनेचे खाते. मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ चा; म्हैसूर शहराचे सुधारणा मंडळ १९०३ चे. दाट वस्त्या फोडावयाच्या, रुंद रस्ते काढावयाचे, शहराबाहेर मोकळ्या जागी नवी पुरे वसवावयाची, हे त्यांचे काम. म्हैसूर हे आज सुंदर शहर म्हणून ओळखले जाते त्याचे पुष्कळसे श्रेय ह्या मंडळास आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. चामराजपुरम्‌सारख्या वस्तीतून संध्याकाळी फिरताना आम्हांस नेहमी वाटते की ज्यांनी हे आखले त्यांस झाडाची आणि सावलीची कळ होती. परंतु ते आखले अधिकाऱ्यांनी आणि अभियंत्यांनी. दसऱ्याच्या सभेत तळ्याविषयी बोलणारा शेतकरी ह्या नकाशाच्या मेजाशी कधी आला नाही. ऐकण्याची संस्था एकीकडे, आखण्याची दुसरीकडे, अशी जी ताटातूट तेव्हा झाली ती आजतागायत चालली आहे. १९८८ साली सुधारणा मंडळाच्या जागी नगरविकास प्राधिकरण आले. पाटी बदलली, पण मेज तेच राहिले.

हे असेच असावे लागते काय? ह्या प्रश्नाचे एक उत्तर होळकरांच्या इंदुरात सापडते. १९१७ च्या सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूर दरबारच्या निमंत्रणावरून तेथे काम करीत होते. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदुरातही प्लेग होता. हा म्हातारा साहेब मोजपट्टी घेऊन गल्लीबोळांतून हिंडतो, तेव्हा घरे पाडावयास आला असणार, आणि साथही ह्यानेच आणली असणार, असे लोक बोलू लागले. गेडिसने लोकांस दोष दिला नाही. दरबाराकडून त्याने दिवाळीची मिरवणूक मागून घेतली, आणि असे जाहीर केले की ह्या वर्षी मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. जी आळी आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करील तिच्यातून ती जाईल. मग काय विचारता! आळ्या-आळ्यांत चढाओढ लागली, गाड्याच्या गाड्या केरकचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत राक्षसाबरोबर प्लेगचा भला मोठा उंदीरही होता, आणि मागून लक्ष्मी. १९१८ साली गेडिसने इंदूरचा जो अहवाल दिला त्यात जुनी वस्ती सरसकट न पाडता, एखादेच पडके घर काढून, एखादीच बोळ मोकळी करून, विहीर आणि पार राखून सुधारणा करण्याचा आग्रह आहे. अशी जपून केलेली शस्त्रक्रिया त्या आळीतल्या माणसास विचारल्यावाचून करता येत नाही. कोणती भिंत पोकळ आणि कोणती भक्कम, हे त्यालाच ठाऊक.

ह्यावर कोणी म्हणेल की मिरवणूक म्हणजे सभा नव्हे, आणि दिवाळी सरली की उत्साह सरतो. आक्षेप रास्त आहे. गेडिसही दरबाराच्या मर्जीवर होता.

म्हैसुरात पुढे विश्वेश्वरय्या आणि मिर्झा इस्माईल ह्या दोन दिवाणांनी आपापल्या परीने कामे केली. विश्वेश्वरय्यांची उमेदवारी नाशिक-धुळे-पुण्याकडे झालेली; १९१२ ते १९१८ ह्या दिवाणगिरीत त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी गावोगाव समित्या नेमून गावकऱ्यांच्या श्रमदानाची योजना चालविली. मिर्झासाहेब पहाटे स्वतः रस्त्यांवरून फिरत आणि एखादे वाकडे झाड किंवा तुंबलेले गटार त्यांच्या नजरेतून सुटत नसे. शहराचे भाग्य म्हणावे असा तो काळ. पण दिवाणाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी ती दिवाणाची नजर, आणि १९४१ साली दिवाण बदलले तशी ती गेली. प्रजाप्रतिनिधी सभाही १९४९ साली इतिहासजमा झाली.

आता पुन्हा बोगादीस येऊ. १९९३ पासून गावास ग्रामसभा मिळाली. कर्नाटकाच्या कायद्याने ती वर्षातून निदान दोनदा भरावयाची. त्याच सुमारास चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने शहरांस प्रभाग समित्या दिल्या. परंतु त्या अनुच्छेदात एक आकडा आहे: ज्या नगराची लोकसंख्या तीन लाख किंवा अधिक, तेथेच ही समिती सक्तीची. खाली असेल तर राज्याची मर्जी. ह्याचा अर्थ असा की खेड्यास ग्रामसभा, महानगरास प्रभाग समिती, आणि जे खेडे राहिले नाही व महानगर झाले नाही त्यास घटनेने दोन्ही नाही. घटना अशा स्थळास संक्रमणातील क्षेत्र म्हणते. बोगादी हे असे क्षेत्र झाले. शेताचे भूखंड होणे, भूखंडांतून रस्ते जाणे, ओढ्यावर मोरी पडणे, गायरानाचे काय करावयाचे ते ठरणे, हे सारे नेमके ह्याच संक्रमणात होते. ज्या चार-दोन दशकांत पुढल्या शंभर वर्षांचे रस्ते आखले जातात, त्याच काळात बसून बोलण्याची जागा नाहीशी व्हावी!

त्यातही भर अशी की बढतीनंतरची पहिली काही वर्षे निवडणुकीवाचून, प्रशासकाच्या कारभारात गेली. ग्रामपंचायतीचा सभासद गेला आणि पट्टण पंचायतीचा आला नाही. शेजारच्या महानगरपालिकेतही सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपून प्रशासक आला. ह्या नव्या पंचायती महानगरात सामावून घ्याव्या अशा योजनाही पुढे आल्या. तसे झाले तर प्रभाग समितीचा हक्क कागदावर तरी मिळतो. पण गावातला जो माणूस पंचवीस वर्षे ग्रामसभेत उठून बोलला त्यास लाखो लोकांच्या नगरात पुन्हा तशी जागा मिळेल, असे आम्हांस खात्रीने म्हणवत नाही.

आणखी एक मार्ग राहतो. १९६१ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा आराखडा कायम होण्यापूर्वी तो प्रसिद्ध करावा लागतो आणि ठरावीक मुदतीत लोकांस हरकती व सूचना देता येतात. ही रंगाचार्लूंच्या सभेचीच दूरची नात म्हणावयास हरकत नाही: सांगा, आम्ही ऐकतो. पण येथे सभा नाही, मुदत आहे. नकाशा हजारो एकरांचा. त्यात आपली गल्ली शोधावयास भिंग लागते. आणि जो नकाशा वाचू शकतो त्यास जमीन ठाऊक नसते, ज्यास जमीन ठाऊक त्यास नकाशा वाचता येत नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागवार कामे मागविण्याची प्रथा घातली, तिच्यापुढेही हीच अडचण आली: अर्ज भरणारे निराळे आणि पाण्यावाचून तळमळणारे निराळे.

येथवर आम्ही कायद्यास आणि दिवाणांस बोल लावला. आता थोडे आपल्याकडे पाहू. बोगादीची ग्रामसभा जोवर भरत होती तोवर आम्ही तिला गेलो होतो काय? नाही. भूखंड घेतला तेव्हा आम्ही फक्त भिंतीच्या आतली जागा घेतली, अशी आमची समजूत. सभा कन्नडात चालणार, तेथे शेतसाऱ्याच्या आणि शिधापत्रिकेच्या गोष्टी निघणार. आपला तेथे काय संबंध? मतदारयादीत नाव होते, म्हणजे सभासद होतो, हेही आम्ही कित्येक वर्षांनी कायदा वाचताना पाहिले. बडावण्यांतले बहुतेक शेजारी ह्याच मापाचे. कोणी बंगळुरूचे, कोणी केरळचे, कोणी सोलापूरचे. आमची रहिवाशांची संघटना होती, तीत सुरक्षारक्षकाचा पगार आणि गणेशोत्सवाची वर्गणी ह्यांवर तासन्‌तास वाद होत. गावातले कोणी त्या बैठकीस येत नसे, आणि आम्ही त्यांच्या सभेस जात नसू. एकाच यादीतली ही माणसे.

पावसाळ्यात आमच्या वसाहतीच्या खालच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साठते. वसाहत ज्यांनी आखली त्यांच्या नकाशात तेथे उद्यान आहे. गेल्या वर्षी असेच पाणी साठले असता जुन्या गावातले एक वृद्ध गृहस्थ तेथे येऊन उभे राहिले. त्यांस गावात सारे ‘यजमान’ म्हणतात. ही जमीन एके काळी त्यांच्या भाऊबंदांची. त्यांनी काठीने रेघ ओढून दाखविले: वरच्या बाजूचे पाणी येथून यावयाचे, ह्या बांधावरून वळावयाचे, आणि तेथून तळ्याकडे जावयाचे. उद्यान ओढ्याच्या पोटात आहे. आम्ही ती रेघ कागदावर उतरून घेतली. मोडक्या कन्नडात दोन-तीनदा खात्री करून घेतली. मग सहज विचारले, “यजमानरे, हे आपण पूर्वी कोणास सांगितले होते काय?”

“ग्रामसभेत सांगितले होते,” ते म्हणाले. “तुम्ही कोणी आला नव्हता.”